ताणावर सोडलेली झाडे

एप्रिल संपत आला असताना मी आणि माझी मुलगी नागपूरच्या पश्चिमेला काटोलजवळ असलेल्या मामांच्या संत्र्याच्या बगीच्यात गेलो होतो. सकाळचे दहाच वाजले होते, पण बांधावरून आत शिरेपर्यंत चपलांचे तळवे तापले होते. संत्र्याची झाडे मी लहानपणापासून पाहत आले आहे, तरी त्या दिवशी ती ओळखीची वाटली नाहीत. पानांची तकाकी गेली होती, प्रत्येक पान मधल्या शिरेपाशी आतल्या बाजूला वळले होते आणि सगळ्या बगीच्यावर फिकट, धुरकट हिरवा रंग उतरला होता. ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधाशी ठेवलेल्या होत्या. काळ्या जमिनीला मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मुलीने बाटलीत उरलेले पाणी जवळच्या झाडाच्या बुंध्याशी ओतायला घेतले, तेव्हा मामांनी हलकेच तिचा हात धरला आणि म्हणाले, “नोको माय, त्याले आता पानी दाखवू नोको. ताणावर हाय थे झाड.”

बाटलीभर पाण्याने त्या झाडाचे काहीही बिघडले नसते. ते पाणी भेगेत उतरून कुठल्या कुठे गेले असते, आणि हे मामांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरीही त्यांनी हात धरला. मृगबहार घ्यायचा तर एप्रिल-मे महिन्यांत बगीच्याचे पाणी तोडायचे, झाड ताणावर सोडायचे, मृगाच्या पावसाने तो ताण मोडायचा, मग नवती, म्हणजे नवी पालवी, आणि फुले एकदम फुटतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत असलेले गणित आहे. मी ते शेकडो वेळा ऐकले होते. पण पाणी ओतणारा लहान हात आणि त्याला थांबवणारा सुरकुतलेला हात एकत्र पाहिले, तेव्हा त्या गणितात काहीतरी बोचणारे आहे असे प्रथमच वाटले.

आपल्याकडे पाणी नाकारणे हे सर्वांत मोठे पाप मानले जाते. नागपुरात मार्च सरला की चौकाचौकांत पाणपोया लागतात, लाल ओल्या कापडात गुंडाळलेले रांजण ओळीने मांडले जातात आणि दुपारी रस्ते ओस पडलेले असतानाही तिथे कोणीतरी ओगराळे घेऊन बसलेले असते. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय आईने कधी त्याचे काम विचारले नाही. नव्या माठातल्या पाण्याचा मातकट वास, पहिल्या घोटाला घशात होणारा गारवा आणि पाठोपाठ येणारी सुस्ती, या सगळ्यांवर आमचा उन्हाळा उभा असतो. तहानलेल्याचा चेहरा ओळखायला इथे कोणाला शिकवावे लागत नाही.

आणि मामा तर झाडांवर जीव टाकणारे आहेत.

तहान हा शब्द झाडाला लावता येतो का, असा प्रश्न घेऊन मी परतले आणि पुढचे काही आठवडे त्याच प्रश्नाच्या मागे वाचत, विचारत, झाडांकडे पाहत राहिले. सर्वांत आधी जी गोष्ट मनाला लागली ती झाडाच्या खर्चाची. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने एक सूर्यफूल कुंडीत लावले, मातीवरून पाण्याची वाफ उडू नये म्हणून कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले आणि ती कुंडी सकाळ-संध्याकाळ तराजूत तोलून झाड किती पाणी हवेत सोडते याचा हिशेब मांडला. १७२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामापासून आजवर हा हिशेब अधिकाधिक बारकाईने होत आला आहे आणि त्याचे सार असे, की मुळांनी ओढून घेतलेल्या शंभर भाग पाण्यातले साधारण सत्त्याण्णव भाग, कित्येकदा त्याहूनही जास्त, पानांवाटे उडून जातात. झाडाच्या स्वतःच्या अंगी लागते ते उरलेले थोडेसे. मामा ज्या पाण्यासाठी बोअरमध्ये पाइप उतरवतात, विजेची वाट पाहत रात्री जागतात, त्यातले बहुतेक सगळे आकाशात जात असते.

हा उधळेपणा वाटतो, पण तो नाही. पानाच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य पर्णरंध्रे असतात आणि प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते, सैलावल्या की मिटते. अन्न तयार करायचे तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला हवा आणि त्यासाठी रंध्र उघडायला हवे. पण रंध्र उघडले की आतली ओल बाहेर पडते, आणि कार्बनचा एक रेणू मिळवताना पाण्याचे शेकडो रेणू गमवावे लागतात. रंध्र मिटले तर पाणी वाचते, पण चूल बंद होते. शिवाय पानांतून उडणारी वाफ पानाला थंडही ठेवते. आपल्या खिडकीतल्या कूलरमध्ये ओल्या वुडवूलमधून हवा गार होऊन येते, त्यामागे हीच क्रिया आहे. भर मे महिन्यात टिनाच्या शेडखालची सावली आणि कडुनिंबाखालची सावली यांत जो फरक आपल्या कातडीला कळतो, त्याचा मोठा भाग या उडून जाणाऱ्या पाण्याचा असतो. तेव्हा ४५ अंशांच्या दुपारी झाडापुढे तीन भये एकत्र उभी असतात: तहानेचे, उपासाचे आणि भाजण्याचे. तहान टाळायला रंध्रे मिटावीत तर उरलेली दोन वाढतात, ती दोन टाळायला उघडावीत तर तहान वाढते. आमच्या अंगणातला तो शांत उभा असलेला निंब दुपारभर हेच निर्णय घेत असतो, हे कळल्यापासून मला त्याला शांत म्हणवत नाही.

आणि हे पाणी वर चढते तरी कसे, याचे उत्तर ज्या दिवशी नीट समजले त्या दिवशी मी बराच वेळ काही दुसरे वाचू शकले नाही. झाडात पंप नाही. पानातून पाणी उडाले की पानाच्या पेशींच्या भिंतींमधली ओल मागे खेचली जाते, ती खालच्या पाण्याला ओढते, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ही ओढ देठातून फांदीत, फांदीतून खोडात आणि खोडातून मुळाच्या टोकापर्यंत अखंड पोहोचते. डिक्सन आणि जोली या दोघांनी १८९४ मध्ये मांडलेली ही कल्पना आज मान्य झालेली आहे. आपले जगदीशचंद्र बोस या मताचे नव्हते. झाडातल्या जिवंत पेशी स्पंदन पावतात आणि त्या पाणी वर ढकलतात, असे त्यांचे म्हणणे होते. पाण्याच्या चढणीपुरते ते म्हणणे टिकले नाही. तरी झाड हे निर्जीव नळ्यांचे जुडगे आहे असे समजण्याच्या सवयीला त्यांनी दिलेला धक्का मला मोलाचा वाटतो, कारण नळ्या जरी मृत पेशींच्या बनलेल्या असल्या तरी केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे हे ठरवणाऱ्या पेशी जिवंतच असतात.

ही ओढ जितकी सुंदर आहे तितकीच धोक्याची. माती कोरडी होत गेली आणि हवा मात्र पाणी मागत राहिली, तर नळीतले पाणी दोन्ही बाजूंनी ताणले जाते आणि एका मर्यादेनंतर ते तुटते. त्या जागी हवेचा बुडबुडा येतो आणि ती नळी निकामी होते. १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन या संशोधकांनी पानाला नाजूक कंपने टिपणारे यंत्र लावून या तुटण्याचे आवाज ऐकले. एकेक नळी तुटताना एकेक टिचकी. त्यांनी त्यासाठी निवडलेले झाड होते एरंड. नागपुरात कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर, नालीच्या काठाला, पडक्या भिंतीआड आपोआप उगवणारा एरंड. मे महिन्यात दुपारी त्याची मोठी पाने खाली लोंबलेली मी आयुष्यभर पाहिली आहेत आणि त्या वेळी तिथे काही घडत असेल असे मनातही आले नव्हते. काही झाडे रात्रीतून यातल्या काही नळ्या पुन्हा भरतात, काही नवे लाकूड घालून नवा मार्ग काढतात. पण एकाच वेळी फार नळ्या तुटल्या तर शेंडा वाळतो, मग फांदी, आणि मग माणसे म्हणतात की झाड अचानक गेले.

ते अचानक गेलेले नसते.

अशा सगळ्या भयांमध्ये आमचा उन्हाळा मात्र झाडांच्या बाबतीत विलक्षण हिरवा असतो, आणि हे कोडे मला सर्वांत जास्त आवडले. नागपुरातल्या सेमिनरी हिल्स या टेकडीवरून मार्च-एप्रिलमध्ये चालत गेले तर पायाखाली पाचोळा वाजत असतो आणि डोक्यावर करंजाची नवी कोवळी पालवी इतकी ओली चमकत असते की नुकताच पाऊस पडून गेला असावा असे वाटावे. कडुनिंब आपली जुनी पाने झाडून तांबूस पालवी धरतो आणि एप्रिलमध्ये त्याच्या मोहराचा मंद कडसर-गोड वास रात्री घरात येतो. पिंपळाची लालसर पाने उन्हात आरपार दिसतात. पुढे बहावा ऐन मेमध्ये पिवळाधमक फुलतो. पाऊस महिना-दोन महिने दूर असताना ही झाडे नवे पान कशाच्या भरवशावर काढतात? कोवळे पान तर सर्वांत जास्त पाणी गमावते.

याचे उत्तर काही अंशी पानगळीतच आहे. कोस्टा रिकातील कोरड्या जंगलांत अनेक वर्षे अभ्यास करणारे रॉल्फ बॉर्चर्ट यांनी दाखवून दिले, की जुनी पाने गळाली की झाडाचा खर्च थांबतो, मुळे मिळेल ती ओल थोडी थोडी वर पाठवत राहतात, खोड हळूहळू पुन्हा भरते, आणि ते भरले की कळ्या आणि डोळे फुटतात. पानगळ हा झाडाचा शोक आहे असे आपण समजतो. खरे तर त्या वेळी खोडात पाणी जमा होत असते. आपल्या निंब-पिंपळांची मुळे खोल जातात, वरची दोन-तीन हात माती भाजून निघाली तरी त्यांचे संधान खालच्या ओलीशी असते, त्यामुळे ती पावसाची वाट न पाहता पालवी धरू शकतात आणि पहिला पाऊस येईपर्यंत त्यांची पाने पूर्ण वाढून कामाला तयार असतात. साग असे करत नाही. पेंचकडे जाताना मे महिन्यातही सागाची राने उघडी, करडी उभी असतात. त्याचे पान सुपाएवढे मोठे. ते उन्हाळ्यात काढणे त्याला परवडणारे नाही, म्हणून तो जूनपर्यंत थांबतो. एकाच उन्हाखाली, एकाच डोंगरावर निंबाचा निर्णय वेगळा आणि सागाचा वेगळा, आणि दोघेही टिकून आहेत.

तिसरा मार्ग ऐनाचा आहे, ज्याला भंडारा-चंद्रपूरकडे येन म्हणतात. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली साल असलेल्या या झाडाच्या खोडात काही वेळा पाणी साठलेले असते आणि जंगलात राहणाऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. २०२४ च्या मार्चमध्ये आंध्र प्रदेशातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनाधिकाऱ्यांनी अशाच एका झाडाच्या सालीला छेद दिला तेव्हा पाण्याची धार बाहेर आली, आणि तेथील कोंडा रेड्डी आदिवासींचे हे जुने ज्ञान एकदम देशभर पोहोचले. मला त्या धारेचे आश्चर्य वाटले, आणि तितकेच वाईटही वाटले की आता प्रत्येक ऐनाच्या खोडावर कोणीतरी कुऱ्हाड घालून पाहील.

मातीचाही यात मोठा हात आहे, आणि नागपूर या बाबतीत दोन प्रदेशांच्या सीमेवर वसलेले आहे. शहराच्या पश्चिमेला, काटोल-अमरावतीच्या अंगाला, काळ्या बेसॉल्टचे दगड आणि त्यांपासून झालेली काळी माती. पूर्वेकडे खडक बदलतात आणि मातीही बदलते. काळी माती पाणी भरपूर धरते, म्हणून आपण तिला कसदार म्हणतो; पण ती ते सहजासहजी सोडत नाही. तिचे अतिशय बारीक कण उरलेले पाणी इतक्या जोराने धरून ठेवतात की साधारण पंधरा वातावरणांच्या दाबाइतकी ओढ लावूनही बहुतेक पिकांना ते मिळत नाही. हातात घेतलेले ढेकूळ ओलसर लागते आणि तरी त्यावरचे रोप मान टाकते, याचे कारण हे. आणि मग ती आकसून भेगाळते, भेगांतून उरलीसुरली ओल उडते आणि बारीक मुळे ताणून तुटतात. दुसऱ्या बाजूला, खोलवर गेलेली काही मुळे रात्री, पर्णरंध्रे मिटलेली असताना, खालचे पाणी वर आणतात आणि त्यातले थोडे वरच्या कोरड्या थरात झिरपू देतात. अमेरिकेतल्या ओसाड माळरानावरच्या एका झुडुपात रिचर्ड्स आणि काल्डवेल यांनी १९८७ मध्ये हे दाखवले आणि पुढे अनेक झाडांत ते आढळले. मोठ्या झाडाच्या आसऱ्याने उन्हाळ्यातही काही गवत, काही रोपे तग धरतात. त्यामागे सावली तर आहेच, पण कधीकधी ही रात्रीची झिरपही असते.

रात्रीवरून आठवले. आमच्या गच्चीवर पानफुटीच्या दोन कुंड्या आहेत. १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पत्रात, भारतात वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या बेंजामिन हाइन यांनी लिहिले होते की या झाडाचे पान सकाळी आंबट लागते, दुपारपर्यंत त्याची चव जाते आणि संध्याकाळी ते कडवट होते. मी पहाटे एक तुकडा चघळून पाहिला. चिंचेच्या कोवळ्या पाल्याइतका तो आंबट होता. दुपारी दोनला त्याच झाडाचे पान नुसते पाणचट लागले. निवडुंग, पानफुटी, घायपात ही झाडे दिवसा रंध्रे मिटून बसतात आणि रात्री गार हवेत ती उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात. सकाळी ऊन आले की दार बंद ठेवून त्या साठ्यावर अन्न शिजवतात. पाण्याची बचत प्रचंड होते, वाढ मात्र संथ असते. दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने केवळ जिभेने टिपलेली ही गोष्ट माझ्याही जिभेवर जशीच्या तशी आली, याचा आनंद कितीतरी वेळ राहिला.

आता मामांच्या बगीच्याकडे येते. ज्या प्रश्नाने मला अस्वस्थ केले होते त्याच्या जवळपास मी आले ती मुळांविषयी वाचताना. माती कोरडी पडू लागली की मुळांत अॅब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य वाढते, ते पाण्याबरोबर पानांपर्यंत जाते आणि रक्षक पेशींना रंध्रे मिटायला लावते. काही प्रयोगांत एकाच झाडाची मुळे दोन कुंड्यांत विभागली, एका कुंडीला पाणी दिले आणि दुसरी कोरडी ठेवली. पानांना पाणी पुरेसे मिळत होते, तरी रंध्रे आखडली. म्हणजे पाणी संपण्याची वाट झाड पाहत नाही, ते संपणार असल्याचा निरोप त्याला मुळांकडून आधीच मिळतो. संत्र्यामध्ये कोरडेपणाचा दुसराही परिणाम होतो. लिंबूवर्गीय झाडांना फुलायचे तर वाढ थांबावी लागते. थंड प्रदेशांत हिवाळा ती थांबवतो, आपल्याकडच्या अंबिया बहाराला, म्हणजे हिवाळ्यानंतर येणाऱ्या बहारालाही, डिसेंबर-जानेवारीची थंडी मदत करते. मृगबहाराला थंडी नाही, तिथे कोरडेपणा हिवाळ्याचे काम करतो. वाढ थांबते, पानांत तयार झालेले अन्न खर्च न होता साठते, डोळ्यांत फुले धरण्याची तयारी होते आणि पाणी मिळताच सगळे एकदम फुटते. पाणी सतत मिळत राहिले तर झाड पाने काढत राहते आणि फुले तुरळक, कधीही येतात. बोगनवेलीला पाणी कमी केले की ती जास्त फुलते, हे कुंड्या लावणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

मग मी मामांना फोन करून विचारले, की ताण पुरे झाला हे तुम्ही कशावरून ठरवता. ते म्हणाले, “दुपारचं पान काहीबी सांगते. सकायचं पान पाहाव.” दुपारी प्रत्येक झाड मलूल दिसते, उजाडण्यापूर्वी बगीच्यात जाऊन पाहावे, पान पुन्हा सरळ झाले असेल तर झाडात अजून जीव आहे, पहाटेही ते वळलेलेच राहिले आणि कोवळ्या काड्या वाळायला लागल्या तर ताण हाताबाहेर चालला. भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस, हलक्या मुरमाड जमिनीत कमी दिवस, म्हाताऱ्या झाडाला आणखी जपून. मी हे ऐकले आणि खुर्चीत सरळ बसले. कारण झाडाची तहान मोजणारे शास्त्रज्ञही पहाटेच मोजतात. १९६५ मध्ये शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी एक साधन सर्वांपुढे ठेवले: पान तोडायचे, एका भक्कम डब्यात बंद करायचे, देठाचे कापलेले टोक बाहेर ठेवायचे आणि आत हवेचा दाब वाढवत न्यायचा, ज्या दाबाला देठावर पाण्याचा थेंब येतो, तेवढीच ओढ त्या पानात होती. दुपारचा आकडा उन्हाप्रमाणे, वाऱ्याप्रमाणे बदलतो. रात्रभर रंध्रे मिटून राहिल्यावर, पहाटे, झाडातली ओढ मुळांभोवतीच्या मातीतल्या ओढीच्या जवळ येऊन स्थिरावते, म्हणून पहाटेचा आकडा खरा. डबा नसलेला माझा मामा बोटांनी पान चाचपून त्याच वेळी तेच वाचत होता.

यामुळे माझ्या मनातली बोच पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही. ताणाने झाड थकते. वर्षानुवर्षे ताण घेतलेल्या झाडांत सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, वाढते, ती काढत बसावे लागते, आणि अवकाळी पावसाने मध्येच ताण मोडला तर सगळ्या बेतावर पाणी फिरते. शिवाय ठरवून दिलेला ताण आणि वाट्याला आलेला दुष्काळ यांत फार अंतर आहे. काटोल-नरखेड, वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात विहिरी आटल्या, बोअर खोल खोल नेले आणि तेही कोरडे पडले, त्या वर्षांत बगीचेच्या बगीचे वाळले आणि लोकांनी आपल्या हाताने वाढवलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवली. त्या झाडांचाही ताण पहाटे उठून पाहणारे लोक होते. फक्त तो मोडायला त्यांच्याकडे पाणी नव्हते. मामा त्या वर्षांबद्दल बोलत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

पण शहरातल्या झाडांचा ताण पहाटे उठून कोण पाहतो? गेल्या काही वर्षांत नागपूरचे रस्ते सिमेंटचे झाले, फुटपाथांवर आणि लेआऊटमधल्या गल्ल्यांत गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसले, आणि कित्येक ठिकाणी ते थेट बुंध्याला भिडवले गेले. झाडाच्या पाणी पिणाऱ्या बारीक मुळांतली बहुतेक वरच्या थरात, बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही पलीकडे पसरलेली असतात. तिथे आता पाणीही उतरत नाही आणि हवाही. नागपुरात पाऊस कमी पडतो असे नाही, वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. त्या पुराची कारणे अनेक आहेत आणि ती सांगण्याचा अधिकार मला नाही. मी फक्त एवढे पाहिले, की त्या सकाळी आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होते आणि त्यातले फारसे निंबाच्या मुळांपर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. आणि पुढच्या मे महिन्यात त्याच निंबाचा शेंडा एका बाजूने वाळला. ज्या झाडाला ४६ अंशांत पालवी धरता येते, ज्याची मुळे मुरूम फोडून खाली जातात, त्याला तहानेने हरवायचे तर असेच काहीतरी करावे लागते.

रस्त्याच्या मधल्या दुभाजकांत लावलेली कण्हेर यात टिकते, कारण तिची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या अंगाला छोट्या खळग्यांत, बारीक केसांच्या आड दडलेली असतात आणि कोरडा वारा त्यांना थेट लागत नाही. त्या दुभाजकांवर टँकरने पाणीही दिले जाते. पण सगळी सावली कण्हेरीकडून मिळणार नाही. आणि रोज थोडे थोडे पाणी घालण्याने मोठ्या झाडांचे भले होते, असेही मला आता वाटत नाही. वरची चार बोटे ओली राहिली की मुळे तिथेच रेंगाळतात, खाली जाण्याचे त्यांना कारण उरत नाही, आणि ज्या वर्षी टँकर येत नाही त्या वर्षी ते झाड उघडे पडते. रोपालाही आठवड्यातून एकदा, पण खोल मुरेल असे पाणी द्यावे, हे मामांचे म्हणणे. आणि मोठ्या झाडाला बादलीपेक्षा उघडी जमीन जास्त हवी असते, हे मी त्यात माझ्या पदरचे घालते.

म्हणून यंदा नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू व्हायच्या आत लेआऊटमधल्या लोकांशी बोलले. निंबाभोवतीचे गट्टू सगळ्या बाजूंनी निदान हातभर मागे काढायचे, शक्य तिथे दोन हात, खालची घट्ट झालेली माती मुळांना धक्का न लावता वरवर मोकळी करायची आणि झाडाचाच पाला त्यावर पसरायचा, म्हणजे माती तापणार नाही आणि मृगाचा पहिला पाऊस तिथेच मुरेल. समोरच्या काकांनी आपल्या घरातली सब्बल, म्हणजे पहार, देण्याचे कबूल केले. शेजारच्या काकूंची हरकत मात्र खरी आहे: पावसाळ्यात तिथे चिखल होईल, मुलांच्या सायकली घसरतील. चिखल होईल, हे मी नाकारले नाही. कडेला विटांची एक ओळ लावू, एवढेच सुचवले. गट्टू काढण्यावर शेवटी सगळे राजी झाले. पाला जाळायचा नाही, तिथेच राहू द्यायचा, या मुद्द्यावर अजून बोलणे चालू आहे. विंचू-साप येतील असे काही जणांना वाटते, आणि येत्या रविवारी मी पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे.